घर आणि व्यवसाय : ट्रकदुरुस्तीचे काम आणि आमची मुले

दहावीचा निकाल लागला की आमच्या सीमेवरील गावांतून एक प्रश्न घरोघर उभा राहतो. कर्नाटकात ह्या परीक्षेस एस. एस. एल. सी. म्हणतात, नाव कोणतेही असो, चिंता तीच. मुलाने पुढे काय करावे? दोन एकर कोरडवाहू तुरीवर चार भावांचे संसार चालावयाचे नाहीत, हे बापास कळते. कॉलेजची पदवी घेतली म्हणजे नोकरी दाराशी येऊन उभी राहते असे नाही, हे मुलास कळते. अशा वेळी कोणी सोयरा सुचवितो, "कलबुर्गीला ट्रकच्या एजन्सीत मेकॅनिक म्हणून घाला की." बाप विचारात पडतो आणि आई विचारते, "म्हणजे पोराचे हात जन्मभर काळेच राहायचे का?" त्या मातेच्या प्रश्नास सरळ उत्तर मिळावे, म्हणून आज आम्ही हा विषय हाती घेतला आहे.

प्रथम आपल्या प्रदेशाकडे पाहू. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हुमनाबादवरून जातो. नांदेडहून बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, विजापूर असा चित्रदुर्गाकडे उतरणारा महामार्ग ५० त्यास तेथेच भेटतो. वाडी, सेडम, मळखेड ह्या टापूत सिमेंट भाजले जाते. शहाबादची फरशी तर महाराष्ट्रातील कित्येक घरांच्या ओसरीत आपण पाहतो. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. भालकी-हुमनाबादकडे उसाचे मळे आणि साखर कारखाने आहेत. बिदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली खरी. परंतु रेल्वे शेताच्या बांधापर्यंत येत नाही. खाणीतून, मळ्यातून, अडत्याच्या दुकानातून माल उचलावयास ट्रकच लागतो. आणि जेथे इतके ट्रक धावतात तेथे रोज काही ट्रक अडतात. अडलेला ट्रक म्हणजे मालकाच्या अंगावर चढणारा कर्जाचा हप्ता, ड्रायव्हरचा बुडालेला रोज आणि नासत चाललेला माल होय. तो पुन्हा रस्त्यास लावणारा मनुष्य गावाच्या अर्थव्यवहारात किती मोलाचा आहे, हे वेगळे सांगावयास नको.

ज्या यंत्राभोवती हे सारे फिरते त्याचा जनक रुडॉल्फ डिझेल. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिसमध्ये जर्मन आईबापांच्या पोटी झाला. बाप पुस्तकबांधणीचा आणि कातडीकामाचा धंदा करी. १८७० चे युद्ध पेटले तेव्हा ह्या कुटुंबास देश सोडावा लागला आणि मुलगा नातलगांकडे आउग्सबुर्ग येथे शिकावयास गेला. त्याच गावच्या कारखान्यात १८९७ साली त्याचे यंत्र यशस्वीपणे चालले. वाफेची यंत्रे त्या काळी कोळशातील बहुतेक उष्णता वाया घालवीत. ह्या यंत्राने इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णता कामास लावून दाखविली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ह्याच जातीचे एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले होते, हे वाचून आमच्या शेतकरी वाचकांस कौतुक वाटेल. पुढे १९०३ साली ह्या यंत्रज्ञाने श्रमिकांनी परस्परांच्या साह्याने आपली उन्नती कशी साधावी ह्यावर एक ग्रंथही लिहिला. त्यास मात्र फारसे वाचक लाभले नाहीत. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो रात्रीतून नाहीसा झाला. त्याचे नाव तेवढे आज प्रत्येक पेट्रोलपंपाच्या फलकावर लिहिलेले असते.

यंत्राचे मर्म सोपे आहे. सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हे प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात ती दाबून मूळच्या सुमारे सतराव्या भागात कोंबतात. मग ती ५०० अंशांहूनही अधिक तापते. त्या क्षणी तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही, काडी ओढावी लागत नाही. फवारा वेळेवर, मोजून आणि बारीक पडला पाहिजे, एवढीच अट. ह्या एका अटीच्या पालनात मेकॅनिकची निम्मी विद्या सामावलेली आहे.

आपल्या खेड्यांस हे यंत्र प्रथम भेटले ते विहिरीवर. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलइंजिनांचा कारखाना काढला आणि मोटेच्या जागी पंपाचा ठोका ऐकू येऊ लागला. डिझेल फवारणारे पंप आणि नोझल ह्यांच्यासाठी १९५१ साली बंगळुरास मायको ही कंपनी स्थापन झाली. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरास ट्रक बांधावयास आरंभ केला. १९६९ साली तो करार संपला. मद्रासेकडे १९५५ पासून अशोक लेलँड हे नाव रुजले. ह्या गाड्या दख्खनच्या रस्त्यांवर धावू लागल्या तसे नाक्यानाक्यावर, कडुनिंबाच्या सावलीत, उस्तादांचे अड्डे बसले.

ह्या उस्तादांविषयी आमच्या मनात आदर आहे. त्यांतील पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. पण कान असा तयार की गाडी फाटकातून आत येण्यापूर्वीच रोग ओळखावा. काळा धूर दिसला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा दिसला तर इंजिनचे तेल जळते आहे. पांढरा दिसला तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी आत शिरले आहे. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे पाहावयाचे असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट किंचित सैल करावयाचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर धड आहे. बदलला नाही तर दुखणे तेथेच. वैद्याने नाडी पाहावी तशी ही परीक्षा होती, आणि तिने हजारो गाड्या रस्त्यास लावल्या.

मग आता एजन्सीची शाळा कशास हवी? ह्याचे उत्तर त्याच नळीत आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात 'भारत स्टेज ६' हे धुराविषयीचे कडक नियम लागू झाले. ते पाळावयाचे तर फवारा पूर्वीपेक्षा फार बारीक हवा. म्हणून आजच्या ट्रकांत डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाने साठवून ठेवतात. हा दाब सोळाशे ते दोन हजार बारच्या घरात जातो, म्हणजे ट्रकच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट किंवा त्याहूनही अधिक. आज कोणी जुन्या सवयीने इंजिन चालू असता त्या नळीचा नट सैल केला, तर बाहेर येणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, रक्तही फारसे येत नाही; पण आत गेलेले डिझेल मांस नासविते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हातही गमवावा लागतो. काल जी गोष्ट कौशल्याची होती ती आज घातकी ठरली आहे. म्हणून आम्ही म्हणतो की नुसते पाहून पाहून शिकण्याचे दिवस सरले. नियम का आहे हे ज्यास समजावून सांगितले आहे, त्यानेच ह्या गाडीस हात लावावा.

दुसरे उदाहरण युरियाचे. नव्या ट्रकांस डिझेलच्या टाकीशेजारी एक लहान टाकी असते. तीत शुद्ध पाण्यात विरघळविलेला युरिया असतो, शेकडा साडेबत्तीस ह्या प्रमाणात. तो तापलेल्या धुरात फवारला की त्याचा अमोनिया होतो आणि धुरातील विषारी वायूंचे नायट्रोजन व पाणी ह्यांत रूपांतर होते. हे कळताच कोणी चतुर मनुष्य शेतातील खताचे पोते फोडतो आणि विहिरीच्या पाण्यात युरिया कालवून टाकीत ओततो. खतातील इतर द्रव्ये आणि पाण्यातील क्षार ह्यांनी फवारणीची तोटी तुंबते व पुढील महागडे पात्र निकामी होते. गाडीतील संगणकास हे कळले की तो इंजिनची ताकदच कमी करतो आणि भरलेली गाडी घाटात रडू लागते. शंभर रुपये वाचविण्याच्या नादात हजारोंचा खड्डा पडतो. अशा वेळी मालकास चार शब्द समजावून सांगणारा मेकॅनिक पाना चालविणाऱ्याइतकाच उपयोगी असतो.

एजन्सीत काम कसे चालते, तेही सांगू. गाडी आली की ड्रायव्हरची तक्रार जॉबकार्डावर लिहितात. मेकॅनिक गाडीच्या संगणकास आपले यंत्र जोडतो आणि पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. येथेच खरी परीक्षा सुरू होते. क्रमांक दुखणे कोठे आहे ते सांगतो. का झाले ते सांगत नाही. सामाईक नळीत दाब कमी आहे असा क्रमांक आला, तर त्याचे कारण तुंबलेला फिल्टर असेल, डिझेलमधील पाणी असेल, गळणारा इंजेक्टर असेल, थकलेला पंप असेल, अथवा उंदराने कुरतडलेली एक तार असेल. आळशी मनुष्य एकामागून एक सुटे भाग बदलतो आणि बिल फुगवितो. प्रामाणिक मनुष्य स्वस्त आणि सोप्या कारणापासून आरंभ करतो, मीटर लावून मोजतो, खात्री करतो आणि मगच भाग काढतो. एका इंजेक्टरची किंमत हजारो रुपयांत असते. एकच ट्रक असणाऱ्या मालकाच्या घरी तेवढ्या रुपयांत महिन्याचा किराणा भरता येतो. त्या पडद्यासमोर मेकॅनिक एकटा असतो. तो काय करतो हे मालकास कळत नाही, साहेबासही पुष्कळदा कळत नाही. जेथे पाहणारा कोणी नाही तेथेच माणसाची सचोटी कसोटीस लागते, हे आम्ही आमच्या घरांतून मुलांस शिकवितोच. त्या शिकवणीचा येथे रोज उपयोग आहे.

पैशापलीकडचीही जोखीम आहे. चाकाचे नट ठरल्या मापाने, समोरासमोरच्या क्रमाने आवळले नाहीत, किंवा थोडे अंतर चालल्यावर पुन्हा तपासले नाहीत, तर महामार्गावर चाक निखळते. ब्रेक नीट जुळविला नाही तर उतारावर भरलेला ट्रक थांबत नाही. जॉबकार्डाच्या तळाशी मेकॅनिक सही करतो. त्या सहीच्या भरवशावर ड्रायव्हर रात्री स्टिअरिंगवर बसतो आणि समोरून येणाऱ्या बसमधील लेकुरवाळी आई निर्धास्त झोपी जाते. त्यांस मेकॅनिकचे नावही ठाऊक नसते. १९५५ साली पोप पायस बारावे ह्यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून नेमला. सुताराने केलेले जू बैलाच्या मानेस काचू नये आणि मेकॅनिकने आवळलेले चाक निखळू नये, ही एकाच जातीची कर्तव्ये होत.

मेकॅनिकच्या स्वतःच्या जिवाचेही भय आहे आणि ते आईबापांपासून लपविणे योग्य नव्हे. टिपरचा हौदा वर उचललेला असता त्यास भक्कम टेकू न देता खाली शिरणे म्हणजे मरणास बोलावणे होय. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली निजू नये. मागील ब्रेकच्या डब्यात एक दांडगी स्प्रिंग दाबून बसविलेली असते. तो डबा रीत न जाणता उघडला तर ती गोळीसारखी सुटते. डिझेलचा धूर कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली दिला आहे. म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. हात डिझेलने धुण्याची जुनी खोड त्वचेस अपायकारक आहे. चांगल्या कारखान्यात हातमोजे, चष्मे, टेकू आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या असतात. मुलगा कोठे लावावयाचा हे ठरविताना पगाराच्या आधी ह्या वस्तू पाहाव्या.

आता भाषेविषयी. आमचा मुलगा घरी मराठी बोलतो. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे त्या राज्याचा भाग होता. त्यामुळे कारखान्याच्या बोलीत उस्ताद, शागीर्द असे दख्खनी शब्द आजही खेळतात. सरकारी कचेरीत आणि बहुतेक ग्राहकांशी कन्नड लागते. तेलंगणाचा ड्रायव्हर तेलुगू बोलतो. आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी असते. काही पालकांस ही अडचण वाटते. आम्हांस हे भांडवल वाटते. सोलापूरच्या ड्रायव्हरची तक्रार मराठीत ऐकून ती कन्नड साहेबास समजावून सांगणारा आणि इंग्रजी सूचना वाचणारा मुलगा कोणत्या एजन्सीस नको असेल? मात्र त्यासाठी कन्नडचा कंटाळा करून चालणार नाही. मायबोली घरी जपावी, शेजारभाषा मनापासून शिकावी.

प्रवेशाची वाट सरळ आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय. टी. आय. मध्ये, दहावीनंतर मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. कर्नाटक सरकारने २०२२ साली दीडशे सरकारी आय. टी. आय. ना नवी यंत्रे पुरविली आहेत. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या कारखान्यात उमेदवारी करता येते व त्या काळात विद्यावेतन मिळते. कलबुर्गीस मुख्य कचेरी असलेल्या कल्याण कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसडेपोंतही ह्या विद्येची गरज असते. आणि राज्यघटनेच्या ३७१-जे ह्या कलमाने आपल्या भागातील रहिवाशांस शिक्षणात व राज्य सरकारच्या नोकरीत राखीव जागा मिळाल्या आहेत. त्यासाठीचा दाखला वेळेवर काढून ठेवावा.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. बारा वर्षांचे पोर शाळेतून काढून नाक्यावरच्या उस्तादाच्या हाताखाली देणे हा गुन्हा आहे. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणे कायद्याने निषिद्ध आहे. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी, ज्या पोरास वाचता येत नाही त्याच्या हाती आजचा ट्रक कोणी देणार नाही. ते पाने धुणारे पोर पाने धुतच म्हातारे होईल.

कष्ट नाहीत असे आम्ही म्हणत नाही. एप्रिल-मे महिन्यांत कलबुर्गीच्या उन्हात तापलेल्या इंजिनवर वाकणे सोपे नाही. आरंभीचा पगार बेताचा असतो. ठरल्या वेळेत इतक्या गाड्या निघाल्याच पाहिजेत असा तगादा असतो आणि रात्रीबेरात्री बंद पडलेल्या गाडीकडे धावावे लागते. पुढे विजेवर चालणारे ट्रक वाढतील, मग ह्या विद्येचे काय, असाही प्रश्न विचारतात. विजेच्या ट्रकासही चाके, ब्रेक, कमानपाटे आणि स्टिअरिंग असणारच. आणि दोषाचे कारण शोधण्याची शिस्त ज्याच्या अंगी आहे तो वीजही शिकेल. नुसते भाग बदलणाऱ्यास मात्र पुढील काळ कठीण आहे.

म्हणून मातापित्यांनो, मुलास पाठविण्यापूर्वी स्वतः एकदा एजन्सीत जा. गाडीखाली टेकू लावतात काय ते पाहा. कंपनीच्या प्रशिक्षणास कोणास आणि किती वर्षांनी पाठवितात, प्रॉव्हिडंट फंड व ई. एस. आय. लागू आहे काय, अवजारे कोणी द्यावयाची, हे विचारा. तेथे दहा वर्षे काढलेल्या एखाद्या कामगाराशी चहाच्या टपरीवर बोला. साहेबाच्या खोलीपेक्षा तेथे अधिक कळेल. मुलगी यंत्रात रमत असेल तर तिलाही हेच सारे दाखवा, आय. टी. आय. चे दार तिच्यासाठीही उघडे आहे.

आणि काळ्या हातांविषयी त्या माउलीस इतकेच सांगतो : ते काळे हात साबणाने धुतले जातात. संध्याकाळी जेवावयास बसताना त्या हातांनी दिवसभर कोणास फसविले नाही आणि कोणाचा जीव धोक्यात घातला नाही, एवढे मुलाने सांगितले, म्हणजे त्याच्या ताटात खुशाल भाकरी वाढावी.